लांब नाकाच्या गाडीचं दावं

“मोटार बाई घेऊन राह्यल्या म्हनते.”

“मंग चालवन कोन?”

हे बोलणं माझ्या डोक्यावर चाललं होतं. मी गाडीखाली उताणी पडले होते आणि बोलणारे दोघं बॉनेटला टेकून उभे होते. मला त्यांचे फक्त पाय दिसत होते. एकाच्या पायांत जाड वहाणा, दुसऱ्याचे अनवाणी आणि घोट्यापर्यंत शेणाने माखलेले. खरं तर तिथेच बाहेर येऊन “मी चालवीन” असं म्हणायला हवं होतं. मी मात्र इंजिनाच्या पोटाखाली जमलेला तेलाचा थेंब बोटावर घेऊन पाहत राहिले आणि ते दोघं गोठ्याकडे निघून गेल्यावर बाहेर आले.

या अंकाच्या संपादकांनी मला दवाखान्यातले अनुभव लिहायला सांगितलं होतं. मी बायकांची डॉक्टर आहे. माझे अनुभव म्हणजे दुसऱ्यांच्या घरातल्या गोष्टी, त्या मी लिहू शकत नाही. म्हणून गाडीबद्दल लिहिते. त्यात एका बाईची हकीकत येते. ती मी तिला विचारून आणि नाव बदलून लिहिली आहे.

गडचिरोलीहून बरंच आत, जिथे धानाच्या बांध्या संपून जंगल सुरू होतं, तिथे एका धर्मादाय मंडळाचं चार खाटांचं सूतिकागृह आहे. तिथे मी आणि सोनाबाई अशा दोघी काम करतो. सोनाबाई त्याच गावची, माझ्या जन्माआधीपासून दाईपण करत आलेली, नंतर रीतसर शिक्षण घेतलेली. साधी बाळंतपणं तिथेच होतात. पण पोट उघडायची वेळ आली तर चांद्याचा मोठा दवाखाना गाठावा लागतो, आणि मध्ये वैनगंगा आहे. मी रुजू झाले तेव्हा चांद्याला जायचं म्हणजे बैलगाडीने मोठ्या रस्त्यापर्यंत आणि तिथून सरकारी मोटार मिळाली तर मिळाली. बाई अडली असली की हे गणित जमत नाही.

माझं शिक्षण नागपूरच्या कॉन्व्हेंटात झालं. मराठी घरात बोलायचो तेवढीच. इथे आले तेव्हा पहिले काही महिने मला समोरची बाई काय सांगते आहे ते कळायचं, पण उत्तर द्यायला तोंड उघडत नसे. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, असं मला शाळेपासून वाटत आलं आहे. त्यामुळे मी एक युक्ती काढली होती. कुणी काहीही विचारलं की “ठीक आहे” म्हणायचं. लोकांना वाटायचं बाई गर्विष्ठ आहे. सोनाबाई त्यांना सांगायची, “गर्विष्ठ नाई जी, बाईले शब्द तोलून वापराची सवय हाय.”

गाडीचं मंडळाने कबूल केलं, पण मिळेल ती जुनी घ्या म्हणाले. जिपा साऱ्या लाकडाच्या ठेकेदारांनी उचललेल्या. मग गणपतभाऊंचं नाव पुढे आलं. गणपतभाऊ हे बैलबाजारातले दलाल. जमीनदाऱ्या आणि मालगुजाऱ्या गेल्यावर वाड्यावाड्यांतून मोटारी विकायला निघाल्या, तेव्हा त्यांनी त्यांचीही दलाली सुरू केली. धंदा एकच, असं त्यांचं म्हणणं. गाडीभोवती ते बैलाभोवती फिरावं तसे फिरायचे, मागच्या चाकावर थाप मारायचे, आणि दूर जाऊन उकिडवे बसून ती उभी कशी राहते ते बघायचे.

त्यांनी मला नेलं ते बाबासाहेबांकडे. बाबासाहेब म्हणजे पूर्वीचे मालगुजार. त्यांच्या आवारात ती गाडी होती. इंग्लंडातल्या, युद्धाच्या आधीच बंद पडलेल्या एका कंपनीची, उघडी, सहा सिलिंडरची, लांबलचक बॉनेट आणि त्यावरून आवळलेला चामडी पट्टा. शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांच्या जातीची होती ती. आमच्या रस्त्यांवर अशी गाडी घेणं म्हणजे नांगराला घोडा जुंपण्यासारखं, हे मलाही कळत होतं. पण दुसरी नव्हती.

जुनी गाडी कशी पाहायची ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोगी पडेल. माझे वडील जंगलखात्यात होते. त्यांनी मला लाकडाच्या डेपोत जीप चालवायला शिकवली आणि त्याबरोबर चार गोष्टी. मैलांच्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. क्लच-ब्रेकच्या पेडलांवरचं रबर बघायचं, ते खोटं बोलत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून किंचित वर उचलायचं, खूप वापरलेल्या गाडीचं दार बिजागरीत लोंबतं. आणि बॉनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आधीच इंजिन चालवून ठेवलेलं असतं. थंड इंजिन कसं उठतं, कोणत्या रंगाचा धूर टाकतं, त्यात तिचं खरं वय कळतं.

या गाडीचं रबर झिजून आतलं लोखंड चमकत होतं. दार लोंबत होतं. मैलांचे आकडे थोडेच दिसत होते, पण बाबासाहेब स्वतःच म्हणाले, ते चक्र एकदा पुरं फिरून पुन्हा शून्यावर आलं आहे. गणपतभाऊंनी लगेच भाष्य केलं.

“बाई, हे जुळलेलं जनावर हाय. पुरे दात आल्यावर बैलाचं वय दातावरून नाई कळत. मंग फक्त चाल पाहाची.”

मी बॉनेटवर हात ठेवला. गरम होतं. मी हात तसाच ठेवून उभी राहिले. बाबासाहेब हसले. “शिकून आल्या हाय,” ते म्हणाले, आणि इंजिन थंड होईपर्यंत जेवून घ्या म्हणून आत घेऊन गेले.

जेवताना ते त्यांच्या मुलाबद्दल बोलले. विनायक त्याचं नाव. गाडी त्यानेच मुंबईहून आणली होती. नागपूरला जाऊन सकाळच्या न्याहारीला परत यायचा, आणि मग पंधरा दिवस त्याचीच बढाई मारायचा. रोज सकाळी गाडी तो हँडल मारूनच सुरू करी. बटण दाबून सुरू करणं त्याला आवडत नसे, गाडीला अशी हाक मारायची नसते म्हणे. एका पावसाळ्यात त्याच्या डोक्यात हिवताप शिरला. गाडी आवारात उभी होती, टाकी भरलेली होती, पण वैनगंगा दोन्ही थड्या सोडून वाहत होती. तीन दिवसांनी पूर ओसरला. तेव्हा घाई उरली नव्हती.

हे सगळं त्यांनी भातावर तूप वाढता वाढता सांगितलं. “तोही तुमच्यासारखाच इंग्रजी शिकलेला,” ते म्हणाले. मी खाली मान घालून जेवत होते.

जेवणानंतर मी स्टेथोस्कोप काढून थंड इंजिनावर ठेवला आणि बाबासाहेबांच्या माणसाला सुरू करायला सांगितलं. वडिलांनी शिकवलेली गोष्ट नव्हती ही, माझीच कल्पना. आवारातली सगळी माणसं जवळ सरकली. पाच ठोके समान होते, सहावा थोडा मागून येत होता. धूर निळसर होता, पण लवकर विरला. मी गणपतभाऊंकडे पाहून मान हलवली.

व्यवहार बैलाच्या रिवाजाने झाला. गणपतभाऊंनी खांद्यावरचं उपरणं पुढे धरलं. बाबासाहेबांनी त्याखाली हात घातला आणि दोघांनी एकमेकांची बोटं दाबली, सोडली, पुन्हा दाबली. दोघंही या वेळात धानाच्या मळणीबद्दल बोलत होते. मग भाव ठरला, उपरणं झटकलं गेलं आणि गाडी माझी झाली. सोनाबाईने चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला.

त्यानंतर गणपतभाऊंनी मागच्या सीटखालून लोखंडी हँडल काढलं आणि ते दोन्ही हातांनी बाबासाहेबांना दिलं.

“दावं धन्याचं,” ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला सोनाबाईने समजावलं. आमच्याकडे बैल विकला की त्याचं दावं विकत नाहीत. घेणाऱ्याने आपलं दावं आणायचं. जुनं दावं मालकाच्या गोठ्यात खुंटीला राहतं. दाव्याबरोबर गोठ्याची बरकत जाते, असं मानतात. मला ते ऐकून छान वाटलं. कॉन्व्हेंटात असलं काही शिकवत नाहीत. शिवाय गाडीला बटण होतं, ते दाबलं की इंजिन सुरू होत होतं. मी हसले आणि “ठीक आहे” म्हणाले. बाबासाहेबांनी ते हँडल धोतराच्या सोग्याने पुसलं. मी गाडी फाटकातून बाहेर काढली तेव्हा मघाशी बॉनेटला टेकून बोलणारे ते दोघं आ वासून बघत होते.

पहिले काही आठवडे गाडी धावली. नंतर बॅटरी रुसायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बटण दाबून इंजिन फिरवायला बॅटरीत जोर लागतो. आमची गाडी मोठ्या इंजिनाची, बॅटरी भरणारं यंत्र तिच्याचसारखं थकलेलं. नवी बॅटरी टाकली तरी महिन्याभरात ती मान टाकायची. अशा वेळी समोर हँडल लावून हाताने इंजिन फिरवतात. हँडल नसेल तर गाडी ढकलायची, किंवा उतारावर सोडून द्यायची आणि वेग आला की गिअरमध्ये टाकायची.

मी उतारांवर जगायला शिकले. दवाखान्यासमोर गाडी चढावर, नाक खाली करून उभी करायची. कुठल्याही गावात शिरताना आधी जमीन कुठे कलते ते बघायचं, मग रोगी. लोक मला उतारावरची डॉक्टरीण म्हणू लागले. एक गाव तर असं सपाट, सगळीकडे बांध्याच बांध्या, की तिथे एकदा अख्ख्या गावाला धक्का द्यावा लागला. पुढच्या खेपेला गेले तर पाटलांनी खळ्याशेजारी माती टाकून, चोपून उतार बांधून ठेवला होता. वर गाडी चढवून ठेवली की झालं. मी नसताना पोरं त्यावरून घसरतात. पाटील मोठ्या अभिमानाने सांगतात, आमच्या गावात शाळा नाई, पन उतार हाय.

आवारातल्या स्टेथोस्कोपची गोष्टही पसरली होती. एके सकाळी एक म्हातारबुवा आपला बैल घेऊन सूतिकागृहाच्या दारात उभे राहिले. मोटारीचं ऐकता तर याचंही ऐका, याचा दम भरून राह्यला, असा त्यांचा आग्रह. सोनाबाई म्हणाली, “बुवा, इथी फक्त गाभन गायी पाहातो आमी.” बुवा रागावले. शेवटी मी बैलाच्या छातीवर नळी ठेवली. मला त्यातलं काही कळलं नाही, पण बुवांचं समाधान झालं.

गाडीचं श्रेयही सांगितलं पाहिजे. त्या हिवाळ्यात रक्तस्राव न थांबणारी एक बाई आम्ही चांद्याला नेली. नदी ओलांडल्यावर मूल गावाच्या पुढे एक सरळ सपाट रस्ता लागतो. तिथे मी पहिल्यांदा त्या गाडीला मोकळं सोडलं. ती काय चीज आहे ते मला त्या दिवशी कळलं. झाडं एकमेकांत मिसळून गेली. सोनाबाईने डोळे मिटून मार्कंडादेवाचं नाव घ्यायला सुरुवात केली आणि दवाखान्याच्या दारात आल्यावरच उघडले. ती बाई वाचली. परतताना सोनाबाई एवढंच म्हणाली, “देवाले पन धाप लागली असन.” मला त्या गाडीचा फार अभिमान वाटला, अजून वाटतो.

हँडलसाठी मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. विलायतेतली कंपनीच उरली नव्हती, तेव्हा मागवणार कुठून. लोहाराकडून एक बनवून घेतलं. ते इंजिनाच्या ताकदीपुढे तिसऱ्या दिवशी पिळलं गेलं. सोनाबाईने ते परसात भोपळ्याच्या वेलाला टेकू म्हणून लावलं. मग मी गणपतभाऊंना बाबासाहेबांकडे पाठवलं. ते परत आले ते चिन्नोर तांदळाचं पोतं घेऊन.

“पोरीले सांग म्हने, तांदूळ माग, गाय माग, दावं नोको मागू,” गणपतभाऊ म्हणाले. वर त्यांनी मलाच समजावलं की बाई, दावं मागत नसते. मागनाराले बरकत नाई आन देनाराले बी.

महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत मी दोन दिवस औषधांची पेटी घेऊन बसले होते. गाडी अर्थात नदीच्या उतारावर. बाबासाहेब दर्शनाला आले होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, चामडी पट्टा एक घर आवळून घेतला आणि विचारलं, “माझी गाडी कशी हाय?”

भेटतील तेव्हा ते असंच विचारायचे. माझी गाडी. मी प्रत्येक वेळी तोच शब्द ऐकायचे आणि मला आत कुठेतरी टोचायचं, पण मुलगा गमावलेल्या माणसाचा एक शब्द काय दुरुस्त करायचा. त्या दिवशी सकाळीच सहा जणांनी गाडी ढकलली होती. मी म्हणाले, “ठीक आहे.”

जत्रेनंतर थोड्याच दिवसांनी मैनी आली. मोहफुलं पडायला लागली होती. आतल्या गोंड पाड्यातून तिला बाजेवर घालून आणलं होतं. बरोबर नवरा लालसू आणि बाज वाहणारे त्याचे भाऊबंद. पहिलटकरीण. मूल पोटात आडवं होतं आणि त्याचा एक हात बाहेर आला होता. अशा वेळी मूल आतून फिरवून बघतात, मी प्रयत्न केला, फिरलं नाही. मग मी तिच्या पोटावर नळी ठेवली. ठोके होते. जलद, पण स्पष्ट. चांद्याला पोट उघडलं असतं तर आई आणि मूल दोघंही मिळण्यासारखी होती. लालसूला मी तसं सांगितलं. त्याने एकदाच विचारलं, “दोघंबी?” मी म्हणाले, “हो.” हा शब्द मी एरवी सहज वापरत नाही.

गाडी उतारावरच होती, लगेच सुरू झाली. मागे मैनी आणि सोनाबाई, पुढे लालसू. नदीपर्यंत आम्ही चांगल्या वेगाने आलो.

दिवाळीनंतर पाणी उतरलं की घाटाचा ठेकेदार नदीच्या वाळूवर बांबूचे ताटवे अंथरून रस्ता करतो. त्यावरून जायचा एकच नियम आहे, थांबायचं नाही. थांबलं की चाक ताटव्यासकट खाली बसतं. आमच्यापुढे बांबूंनी लादलेली एक बैलगाडी होती. बरोबर मधोमध तिचा एक बैल बसला. मी ब्रेक लावला. मागचं चाक ताटव्यावरून घसरलं, गाडीला हिसका बसला आणि इंजिन बंद पडलं.

मी बटण दाबलं. एक कण्हणं आलं. पुन्हा दाबलं तेव्हा नुसतं टक् वाजलं.

पुढचं मला नीट, क्रमाने आठवतं. घाटावरची माणसं धावत आली. लालसू, गाडीवान, सगळ्यांनी खांदे लावले. वाळूत कुणी किती ढकलणार. जितकं ढकललं तितकं चाक खाली गेलं. इंजिन गरम होतं. मी बॉनेटवर हात ठेवला होता, चटका बसत होता. गरम इंजिनाला हँडलचा एक फेरा पुरतो. फक्त एक. गाडीच्या नाकाखाली हँडल घालायचं ते भोक आहे, त्याच्याकडे मी बघत उभी होते. कुणीतरी विचारलं, “हँडल नाई काऊन हो इच्यात?” सोनाबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याने दुसऱ्यांदा विचारलं नाही.

शेवटी गाडीवानाने बांबू वाळूत उतरवले, बसलेल्या बैलाला उठवलं आणि ती जोडी आमच्या गाडीला जुंपली. ताटवे पुन्हा पुन्हा पुढे टाकत त्यांनी गाडी ओढली. ऊन डोक्यावर आलं होतं. ओढायला सुरुवात झाली तेव्हा मी मैनीच्या पोटावर नळी ठेवली होती. ठोके होते, मंदावलेले. पलीकडच्या थडीवर, पक्क्या रस्त्याला लागल्यावर बैलांच्या ओढीतच गाडी सुरू झाली. निघण्याआधी मी पुन्हा नळी ठेवली. बराच वेळ ठेवली, जागा बदलून ठेवली. मग काढली. सोनाबाईने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मैनीच्या पोटावरचं लुगडं सारखं केलं. लालसू पुढे बघत होता.

मैनी वाचली. चांद्याच्या डॉक्टरांनी शर्थ केली, पण तिची पिशवी काढावी लागली. मुलगा होता.

डॉक्टर म्हणून मला हेही सांगितलं पाहिजे की हँडल असतं तर मूल जगलंच असतं, असं छातीठोक म्हणता येत नाही. कदाचित टेबलावर गेलं असतं. मला कुणी दोष दिला नाही. आमच्याकडे नदीने नेलं म्हणतात आणि तो विषय तिथे थांबतो. गणपतभाऊ म्हणाले, त्या पोराचं तेवढंच आयुष्य. मी कामाला लागले. गाडी उतारावर लावत राहिले.

चारं, म्हणजे चारोळीची फळं, पिकल्यावर मैनी एकदा चालत आली. चारोळीने भरलेला पळसाचा द्रोण तिने मला न देता गाडीच्या पुढच्या सीटवर ठेवला. मग बॉनेटवरून, नाकाकडून काचेकडे, हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. तिला मराठी थोडी येते. ती म्हणाली, “गाडी चांगली हाय, बाई. थकली होती.”

ती गेल्यावर मी द्रोण मांडीवर घेऊन गाडीत बसून राहिले. मग गाडी उतारावरून सोडली आणि सरळ बाबासाहेबांच्या गावी गेले.

हँडल आज माझ्या सीटखाली असतं. त्याची मूठ विनायकच्या हाताने गुळगुळीत झालेली आहे. त्यानंतर ते लागलं ते अगदी मोजक्या वेळा, त्याही बहुतेक सकाळी, कुणाची घाई नसताना. मी ते हातात घेते तेव्हा मला विनायकची आठवण येत नाही, वाळूतली ती दुपार येते. एवढं सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी उगाच उत्कंठेत राहू नये. ते मिळालं. मिळायचं तेव्हा मिळालं नाही.

बाबासाहेब ओसरीवर बसले होते. गोठ्याचं दार उघडं होतं. आत भिंतीवर खुंट्यांची ओळ होती आणि एकेका खुंटीला जुनी दावी, काही काळी पडलेली, काही तुटायला आलेली. मधल्या खुंटीवर ते हँडल होतं. त्याला तेल लावलेलं दिसत होतं. इतकं स्वच्छ ठेवलेलं लोखंड मी दुसरं पाहिलेलं नाही.

त्यांनी पाणी आणवलं, चहा सांगितला. मैनीचं त्यांच्या कानावर आलं होतं. फार वाईट झालं म्हणाले. आमच्याही वेळी ही नदीच आडवी आली, म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते खरे होते, याबद्दल मला शंका नाही. मी चहा संपवला. त्यांनी उपरण्याने तोंड पुसलं, ओसरीच्या कडेशी येऊन गाडीकडे बघितलं आणि विचारलं, “बाकी, माझी गाडी कशी हाय?”

मी कप खाली ठेवला.

“माझी आहे, बाबासाहेब,” मी म्हणाले. “तिचं हँडल द्या.”